कुलूपबंद घर बदलू नका

परवा घरोघरी सर्व्हे करणाऱ्या नव्या पोरांचं प्रशिक्षण घेत होते. वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. एकीने विचारलं, "मॅडम, घराला कुलूप असलं तर शेजारचं घर घ्यायचं ना?" नियमपुस्तिकेत याचं उत्तर असतं. तीन वेळा जा, नाहीच कुणी भेटलं तर बदली घर घ्या. मी मात्र लगेच हो म्हणू शकले नाही. का, ते चहाच्या सुट्टीत सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. माझी मोठी मावशी आणि काका तेवीस हंगाम ऊसतोडीला गेले. मी शिकले, आणि घरोघरी जाऊन फॉर्म भरायच्या कामाला लागले. आधी कागदावर, मग टॅबवर. आरोग्य, रेशन, शेती, सगळे सर्व्हे केले. पण माझं मन अडकलं ते स्थलांतराच्या सर्व्हेत. पाऊस बदलतोय, तर माणसं गाव सोडतात का, किती सोडतात, कोण सोडतात, हे शोधायचं असतं त्यात. शहरात बसून हा प्रश्न फार सोपा वाटतो. पाऊस पडला नाही, माणसं निघाली. गावात गेलं की तो सुतासारखा सरळ राहत नाही.

माझा पहिला मोठा सर्व्हे २०१३ च्या जानेवारीत. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, संमतीपत्रावर सही घेताना आम्ही तसा शब्द देतो. डोंगराकडेचं गाव, हलकी जमीन, विहिरी तळाला. यादीप्रमाणे वीस घरं करायची होती. त्यातल्या अकरा घरांना कुलूप.

ती कुलपं मला अजून दिसतात. एका कुलपाला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधलेली, गंजू नये म्हणून. दारात बोरीच्या काट्या लावलेल्या, शेरडं-कुत्री आत शिरू नयेत म्हणून. ओट्यावर रांजण पालथा. चुलीतली राख भरून काढलेली, आणि वर सारवलेलं. म्हणजे बाई जाताना घर सारवून गेली होती. ज्या घरात सहा महिने कुणी राहणार नाही ते घर तिनं सारवलं होतं. फॉर्मवर हे लिहायला जागा नव्हती. "घर बंद" असा एक संकेतांक होता, तो टाकला आणि नियमाप्रमाणे अकरा बदली घरं घेतली.

आता बघा, जानेवारीत त्या गावात उघडी घरं कुणाची असणार? शिक्षकाची. किराणा दुकानदाराची. ज्याच्या विहिरीला थोडंफार पाणी टिकलंय त्याची. आणि म्हाताऱ्यांची. मी इमानेइतबारे त्यांचे फॉर्म भरले. वरच्या कार्यालयात आकडे गेले, तक्ते झाले, आणि त्या गावात हंगामी स्थलांतर किरकोळ निघालं. दुष्काळाच्या ऐन वर्षी! जे गेले होते त्यांना आम्ही यादीतूनच काढून टाकलं, आणि जे राहिले होते त्यांना विचारलं, की तुम्ही गेलात का? कुणी खोटं बोललं नव्हतं, मी आकडे बनवले नव्हते, सगळं नियमात होतं. तरी उत्तर चुकीचं होतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. त्या अकरा कुलपांच्या मागे माझ्या मावशीसारखी माणसं होती.

म्हणून मी पोरांना सांगते: कुलूप म्हणजे माहिती न मिळणं नव्हे. स्थलांतराच्या सर्व्हेत कुलूप हीच सगळ्यात मोठी माहिती आहे. ते बदलू नका.

दुसरी अडचण त्याहून मुळातली. घर म्हणजे काय? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणापासून सगळीकडे कुटुंबाची व्याख्या साधारण एकच असते: एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. ऐकायला अगदी आपल्या घरातली वाटते. पण ऊसतोडीच्या घरात चूल दोन ठिकाणी पेटते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको टोळीबरोबर निघतात, सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कर्नाटकात, आणि उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चूल मांडतात. गावात आजी, शाळेत जाणारी दोन लेकरं, आणि दुसरी चूल. धाकटं लेकरू आईबरोबर कोपीत. मग हे घर एक की दोन? आजीला विचारलं तर ती म्हणते, "एकच की माय, दोन कशाचं?" व्याख्येला विचारलं तर ती अडखळते.

त्यात पुन्हा सहा महिन्यांचा खांब. आपल्याकडच्या मोठ्या सर्वेक्षणांत माणसाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण म्हणजे जिथे तो सलग सहा महिने किंवा जास्त राहिला, किंवा राहणार आहे, ते. दसऱ्यानंतर निघालेला माणूस कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्चमध्ये, फार तर पाडव्याच्या पुढेमागे परत येतो. पाच-साडेपाच महिने. म्हणजे वर्षातला जवळजवळ अर्धा काळ ज्याचा उसाच्या पाचटात गेला, तो कागदावर गावातच राहतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ मध्ये झालेल्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरासाठी वेगळा प्रश्न होता: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर होतात का? त्याच्या आधीच्या ५५ व्या फेरीत हीच मर्यादा साठ दिवसांपासून सुरू होत होती. प्रश्नातला एवढा एक बदल, आणि विटभट्टीवर पाच आठवडे जाऊन आलेला माणूस एका फेरीत दिसतो, दुसरीत दिसत नाही.

आता कारणाचा प्रश्न. "गाव सोडण्याचे मुख्य कारण." खाली यादी येते: काम, लग्न, शिक्षण, नैसर्गिक आपत्ती, इतर. मी इतक्या वर्षांत किती फॉर्म भरले असतील, पण नैसर्गिक आपत्तीवर बोट ठेवणारा माणूस मला क्वचित भेटला. धारूरच्या घाटाकडे एका बाबांना मी खोदून विचारलं, "बाबा, दुष्काळामुळं गेलात ना?" ते म्हणाले, "दुष्काळ तर सगळ्यालाच होता. पाटलाला नव्हता का? तो न्हाई गेला. आम्ही पोटासाठी गेलो." मी "काम" वर टिक केली. काही लोक अशा टिका मोजतात आणि म्हणतात, बघा, हवामानामुळे कुणी जातच नाही. काही दुसऱ्या टोकाला जाऊन गेलेल्या प्रत्येकाला हवामानाचा निर्वासित ठरवतात. बाबांनी मात्र एका वाक्यात दोन्ही सांगितलं होतं. पाऊस सगळ्यांचा गेला, आणि त्याचा धक्का कुणाला किती बसणार हे जमीन, विहीर, कर्ज आणि जात यांनी ठरवलं.

म्हणून कारण थेट विचारू नये, असं माझं ठाम मत झालंय. माणसाच्या आयुष्याचा पट मांडून घ्यावा, पावसाच्या नोंदी वेगळ्या आणाव्यात, आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. तेही एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करून नाही, कारण गावं शंभर बाबतींत वेगळी असतात. तेच घर, त्याची चांगल्या पावसाची वर्षं आणि वाईट पावसाची वर्षं. त्याच घराची त्याच घराशी तुलना. तेव्हा कुठे काही बोलता येतं.

हा पट मांडणं हे आमच्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम. लोकांना इसवी सन आठवत नाही आणि आठवण्याचं कारणही नाही. आम्ही ओट्यावर खडूने एक लांब रेघ ओढतो आणि त्यावर खुणा करतो. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि मिलोची लाल ज्वारी. किल्लारीचा भूकंप, १९९३, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. चारा छावणीचं वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, २०१६. नोटाबंदी. लॉकडाऊन. या खुणांच्या मधे मग आयुष्य भरायचं: लग्न कधी, पहिलं लेकरू कधी, बैल कधी विकले, बोअर कधी मारला, कोरडा गेला का, पहिल्यांदा कोयता कधी हातात घेतला. बाया हे फार छान सांगतात. पुरुष पिकावरून वर्ष ओळखतो, बाई बाळंतपणावरून. एकदा पाटोद्याच्या बाजूला एका बाईनं खडू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खुणा करायला लागली. भूकंपाच्या पुढे तिने एक आडवी फुली मारली. काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "हितं शाळा सुटली माझी." मग तिथून पुढे बोट सरकवत कोयत्यापर्यंत आली. मधे चार वर्षं होती.

अशाच एका रेघेवर मला ते दिसलं जे फॉर्ममध्ये कधी दिसलं नव्हतं. घरातली सून सांगत होती, औंदा पाऊस बरा झाला, सोयाबीन झालं, तूर पण आहे. तरी दोघं निघायच्या तयारीत. मी विचारलं, पाऊस चांगला, मग जाता कशाला? ती म्हणाली, "मागची उचल फिटली कुठं?"

उचल म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. हंगामभर तोड करून ती फेडायची. कामाचा दिवस बुडाला की खाडा, त्याचे पैसे कापले जाणार. ऊस कमी भरला, हंगाम लवकर संपला, कुणी आजारी पडलं, की बाकी पुढच्या वर्षावर. तिच्या घरी बाकी चढली होती कोरड्या वर्षी, बोअर मारला तेव्हा. तीन वर्षांपूर्वीचा पाऊस तिला यंदा घराबाहेर काढत होता. आणि आम्ही काय करतो? यंदाचं स्थलांतर आणि यंदाचा पाऊस जुळवून बघतो, संबंध सापडला नाही की तक्त्याखाली तसं लिहून मोकळे होतो.

पावसाच्या नोंदीचंही तसंच. हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची जी चौकोनी जाळ्यातली माहिती संशोधक वापरतात, तिचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरचा. त्यात कितीतरी गावं एकाच पावसात भिजतात. आणि इथे ओढ्याच्या अलीकडे पेरणी साधते आणि पलीकडे दुबार पेरणी होते. त्याहून वाईट म्हणजे जून ते सप्टेंबरची बेरीज. बेरीज सरासरीइतकी येते, तक्ता म्हणतो वर्ष चांगलं. शेतकरी म्हणतो, आर्द्रात पेरलं, पुष्यात उघडीप पडली ती वीस दिवस, फुलोरा गळाला, आणि उत्तरा-हस्तात इतका कोसळला की उरलेलं शेंगेतच उगवलं. कोरडा आणि ओला दुष्काळ एकाच वर्षात, आणि बेरीज मात्र सरासरी. म्हणून आता मी फॉर्ममध्ये नक्षत्रांनी पाऊस विचारते. रोहिणीपासून स्वातीपर्यंत. कुणाला पाठ करून यावं लागत नाही, घडाघडा सांगतात. नंतर तारखांत बदलून घेता येतं.

आणखी एक पाऊस आम्ही विसरत होतो: जिथे जातात तिथला. २०१५ चा दुष्काळ उसाच्या पट्ट्यातही पडला. महाराष्ट्रातलं साखरेचं उत्पादन २०१५-१६ च्या हंगामात सुमारे ८४ लाख टन होतं, ते पुढच्या हंगामात निम्म्यावर, ४२ लाख टनांच्या आसपास आलं. ऊसच नाही तर तोडायचं काय? माणूस घरच्या कोरड्या शेतातून पळून ज्या फडात गेला, तिथला फडही रिकामा. उचल अंगावर राहिली. फक्त गावचा पाऊस मोजणाऱ्या सर्व्हेला हे कधी दिसणार नाही.

आता लग्नाचं. बायकांच्या बाबतीत ही टिक इतकी सर्रास असते की आम्ही ती न बघता मारायचो. सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतरित बायकांपैकी ८६.८ टक्क्यांचं कारण लग्न निघालं. लग्न म्हणजे हवामानाशी संबंध नाही, पुढचं पान, असंच मीही धरून चालले होते. मग मला एका ज्येष्ठ बाईंनी इक्रिसॅटच्या गावांबद्दल सांगितलं. हैदराबादजवळच्या या शेती-संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांत घरोघरचा अभ्यास सुरू केला. त्यातली चार महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कांझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं, आणि विचारणारा माणूस गावातच मुक्कामाला. दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी, वर्षानुवर्षं. काय पेरलं, काय खाल्लं, कुणाकडून उसनं घेतलं. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये या नोंदी वापरून एक गोष्ट दाखवली. ज्या घरांचं शेतीचं उत्पन्न जास्त खालीवर होतं, ती घरं लेकी-सुनांच्या सोयरिकी लांबच्या गावांशी करत होती. कारण लांबच्या गावात पाऊस वेगळा. इथे पीक बुडालं तर तिथलं वाचलेलं असतं, आणि अडीनडीला सोयरे धावून येतात.

हे ऐकलं तेव्हा मला माझी आजी आठवली. मावशीला शिरूरकडे दिली आणि आईला केजला. मामा म्हणायचे, दोघींना जवळजवळ द्यायची होती. आजी म्हणाली होती, "एकाच आभाळाखाली दोन्ही लेकी कशाला?" मी ते वाक्य लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मला त्याचा अर्थ लागला. "लग्न" या टिकेखाली पाऊस होता.

जे जात नाहीत त्यांच्याकडेही बघावं लागतं. राहिलेला तो सुखी, असं धरलं की फसलो. आमच्या यादीत एक विधवा बाई होती, कोरड्या वर्षातही घर सोडलं नाही म्हणून नोंद झालेली. तिला जायचं होतं. जोडी नाही म्हणून कोयता नाही, कोयता नाही म्हणून उचल नाही. तिला कुणी घेऊन जाईना. पाऊस वाईट झाला की काही घरांतून माणसं बाहेर पडतात आणि काही घरांतून बाहेर पडण्याची ताकदच जाते. आकड्यात ही दुसरी घरं न गेलेल्यांत मोडतात, विहीर भरलेल्या बागायतदाराच्या शेजारी.

तेव्हा आता आमच्याकडे एकाच गावात दोन वेळा जायचं ठरतं. एकदा आषाढ-श्रावणात, सगळी घरी असताना. तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद आणि दोन-तीन फोन नंबर घ्यायचे: एक त्यांचा, एक मुकादमाच्या टोळीतला, एक सोयऱ्याचा. दुसऱ्यांदा जानेवारीत, आणि तेव्हा कुलूप दिसलं की बदली घर शोधायचं नाही, फोन लावायचा. खर्च वाढतो, वेळ दुप्पट लागतो, पैसे देणारे कुरकुरतात. मी त्यांच्याशी भांडते. चाकणला नाहीतर वाळूजला कायमच्या गेलेल्यांना शोधणं त्याहून अवघड आहे, नंबर बदलतात, खोल्या बदलतात. पण पहिल्या फेरीतलं घर दुसऱ्या फेरीत सापडलं नाही म्हणून गाळून टाकलं, तर नेमकं ज्याच्यासाठी निघालो तेच रस्त्यात सांडून आलो.

गेल्या जानेवारीत अशाच एका कुलपासमोर उभं राहून मी फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. ती बाई सांगलीकडे फडात होती. मी कोण, कशासाठी, ते सांगितलं. तिला श्रावणातली मी आठवत होते. पण माझ्या पहिल्या प्रश्नाआधी तिचाच प्रश्न आला, "ताई, तुम्ही आमच्या दारात उभ्या हात का?"

म्हटलं, हो.

"कुलूप नीट हाय का?"

मी हलवून बघितलं. नीट होतं.

"आन् समोर हापसा हाय, त्याला पाणी येतंय का बघा बरं."

फोन खांद्याने धरून मी हापसा मारायला लागले. आधी नुसती हवा, आतून घरघर. दहा-बारा वेळा मारल्यावर गढूळ पाणी आलं, मग हळूहळू नितळ. तिला सांगितलं. ती पलीकडे कुणालातरी ओरडून म्हणाली, "हापशाला हाय अजून पाणी!" मग मला म्हणाली, "मंग पाडव्याला घरी येतो. नसतं तर तिकडूनच विटभट्टीला जायचं चाललं होतं ह्यांचं."

पुढे एकोणीस मिनिटं मुलाखत झाली. मधे दोनदा मोळी द्यायची म्हणून तिने फोन बाजूला ठेवला. परत यायचं की नाही हे हापशावर ठरतं, यासाठी फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हापशाला पाणी आहे, पाडव्याला येणार. यंदाच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न एकशे चौदावा आहे.